आयसी बदलली, आवाज बदलला का?

हेडफोनचा खिशात मावणारा ॲम्प्लिफायर स्वतः जुळवणाऱ्यांमध्ये एक वाद पंचवीस वर्षांपासून चालू आहे. आठ पायांची आयसी सॉकेटमधून उपटायची, दुसऱ्या कंपनीची बसवायची आणि तेच गाणं पुन्हा लावायचं. एकाला आवाज मोकळा झाल्यासारखा वाटतो, दुसऱ्याला काडीचाही फरक जाणवत नाही. कंडेन्सर, रेझिस्टर, वायर, बॅटरी, सगळ्यांबाबत हेच. मतं भरपूर आहेत, मोजमापं मात्र फार थोडे जण घेतात.

बुलडाणा जिल्ह्यातल्या छंदिष्टाला हा वाद महागात पडतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ माणूस पायी जाऊन चार प्रकारच्या आयसी हातात घेऊन पाहू शकतो. मेहकरच्या किंवा जळगाव जामोदच्या माणसाला त्या कुरिअरने मागवाव्या लागतात आणि आलेला माल अस्सल की नकली हे घरच्या टेबलावरच ठरवावं लागतं. तेव्हा कुठला भाग बदलल्यावर खरोखर काय होतं, याचा हिशेब इथे एकत्र मांडतो. माझं मत आधीच सांगतो: भाग बदलून आवाज नक्की बदलतो, पण तो बदलतो दोन-पाच रुपयांच्या भागांनी. लोक ज्या भागांवर हजारो रुपये घालतात तिथे तो सहसा जागचा हलत नाही.

या छंदाचं मूळ सर्किट चू मोय यांचं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ते खुलं केलं आणि पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसणारा हा ॲम्प्लिफायर जगभर ‘सीमॉय’ नावाने पसरला. त्यात भाग अगदी मोजके. ९ व्होल्टची एक बॅटरी, ती मधोमध दुभागणारे ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर, त्यांच्या जोडीला २२० मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर, प्रत्येक चॅनेलला ०.१ मायक्रोफॅरडचा इनपुट कंडेन्सर, १०० किलोओहमचा इनपुट रेझिस्टर आणि आवाज ११ पट करणारी १ आणि १० किलोओहमची जोडी. मध्ये ओपॅम्प आयसी. अभियांत्रिकीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा हे सर्किट वाचू शकतो. त्यात प्रत्येक भागाचं काम वेगळं काढून दाखवता येतं, म्हणून या आढाव्यासाठी तेच समोर ठेवलं आहे.

सुरुवात आयसीपासून करू, कारण सगळा गाजावाजा तिचाच. लोक साधारणपणे टीएल ०७२, एनई ५५३२, ओपीए २१३४ आणि एलएम ४५६२ या चौघींची अदलाबदल करतात. डेटाशीट पाहिली तर त्यांच्या अंगभूत खरखरीत फरक आहे: टीएल ०७२ ची १८ नॅनोव्होल्टच्या आसपास, ओपीए २१३४ ची ८, एनई ५५३२ ची ५ आणि एलएम ४५६२ ची २.७ (सगळे आकडे बँडविड्थच्या वर्गमुळाच्या हिशेबाने). कागदावर हे अंतर मोठं दिसतं. पण ११ पट वाढवूनही ही खरखर साध्या हेडफोनवर ऐकू येण्याच्या पातळीच्या बरीच खाली राहते. अतिशय संवेदनशील इयरफोन कानात खुपसून शांत खोलीत बसलं तरच टीएल ०७२ ची सूक्ष्म सळसळ जाणवू शकते. डिस्टॉर्शनचीही तीच गत, जोवर आयसीवर तिला न झेपणारं ओझं टाकलं जात नाही तोवर.

हे ओझं मात्र खरं आहे. १६ ओहमच्या इयरफोनला १० मिलिवॉट द्यायचे तर करंटचं शिखर ३५ मिलिअँपिअरपर्यंत जातं. टीएल ०७२ तिथे हात टेकते. ढोलाचा ठोका आला की आवाज चेपतो, फाटतो. एनई ५५३२ काठावर तग धरते आणि एनजेएम ४५५६ सत्तरएक मिलिअँपिअर सहज देते. त्याच टीएल ०७२ ला ३०० ओहमचा हेडफोन लावला तर ती मुकाट्याने काम करते. तेव्हा अमुक आयसी चांगली की वाईट, हे हेडफोनचा ओहम सांगितल्याशिवाय बोलायचंच नसतं. अनेक भांडणं एवढ्याशा कारणाने झाली आहेत: एकाच्या कानात १६ ओहम, दुसऱ्याच्या कानावर ३००.

शेगावच्या संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयापासून खामगावच्या शासकीय तंत्रनिकेतनापर्यंत जिथे जिथे इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात, तिथल्या विद्यार्थ्याची पहिली ओळख ७४१ शी होते. फेअरचाइल्डने १९६८ मध्ये आणलेली ही आयसी ऑडिओवाल्यांमध्ये बदनाम आहे. तिचा स्लू रेट, म्हणजे आउटपुटचं व्होल्टेज बदलण्याचा वेग, फक्त ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. पण हिशेब करून पाहा: ३ व्होल्ट शिखराचा २० किलोहर्ट्‌झचा स्वर काढायला ०.३८ पुरतात, आणि इतक्या जोराचा, इतका उंच स्वर संगीतात नसतोच. खरखर आणि करंट या बाबतींत ७४१ खरोखर कमी पडते, ‘मंद’ म्हणून मात्र ती नाकारण्यासारखी नाही. ज्या आयसींचा स्लू रेट शंभराच्या वर आहे म्हणून त्या ‘वेगवान’ आवाज देतात असं सांगितलं जातं, त्यांचा तो वेग हेडफोनवर वापरलाच जात नाही.

मग आयसी बदलल्यावर लोकांना जो फरक ऐकू येतो तो सगळा मनाचा खेळ का? नाही. कित्येकदा तो खराच असतो, फक्त त्याचं कारण भलतंच असतं. एक उदाहरण जवळून पाहू. मूळ सीमॉयमध्ये ओपीए २१३४ जातीची आयसी अपेक्षित आहे. तिच्या इनपुटला एफईटी असतात आणि त्या जवळजवळ करंट ओढतच नाहीत, ओढला तर पाचेक पिकोअँपिअर. तिथे एनई ५५३२ बसवली की चित्र पालटतं. ही बायपोलर इनपुटची, साधारण २०० नॅनोअँपिअर घेणारी. तो करंट १०० किलोओहमच्या इनपुट रेझिस्टरमधून गेला की तिथे २० मिलिव्होल्ट उभे राहतात, आणि ॲम्प्लिफायर ते ११ पट करून हेडफोनवर पाठवतो. म्हणजे गाणं बंद असतानाही आउटपुटवर ०.२२ व्होल्टचा डीसी! ३२ ओहमच्या हेडफोनमधून त्यामुळे सातेक मिलिअँपिअर सतत वाहतात, कॉइल मधल्या जागेवरून एका बाजूला सरकून बसते आणि बॅटरी फुकट जळते. कान लावणारा म्हणतो, ‘बास वेगळा झाला.’ झालाच असेल. पण त्याचं श्रेय किंवा दोष आयसीच्या ‘स्वभावा’ला देण्यात अर्थ नाही. १०० किलोओहमच्या जागी १० किलोओहम लावा, डीसी २२ मिलिव्होल्टवर येतो. मात्र तेवढंच करून थांबलात तर इनपुट कंडेन्सरची कटऑफ (जिच्याखालचे स्वर गळू लागतात ती सीमा) १६ हर्ट्‌झवरून १६० हर्ट्‌झवर चढेल आणि सगळा खर्ज गळून जाईल. तो कंडेन्सर ०.१ ऐवजी १ मायक्रोफॅरड करावा लागतो. एक भाग हलवला की शेजारचे दोन हलतात, हे या छंदात पहिल्याच दिवशी शिकायला हवं.

दुसरं गुपित ऑसिलेशनचं. व्हिडिओसाठी बनवलेल्या अतिवेगवान आयसी साध्या झीरो बोर्डवर, लांब वायरींच्या जंजाळात बसवल्या की त्या मेगाहर्ट्‌झमध्ये स्वतःच थरथरू लागतात. हे ऐकू येत नाही, पण ऐकू येणारा आवाज त्यामुळे किरकिरा, कधी ‘जास्त तपशीलवार’ वाटतो. ओळखायची खूण सोपी: गाणं बंद ठेवून आयसीवर बोट टेकवा. चटका बसला तर काहीतरी बिघडलं आहे. बॅटरीच्या ओळीत मल्टिमीटर घालून करंट बघा. सप्लायच्या पायांना अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कंडेन्सर डाग देऊन बसवला की बहुतेक वेळा हा आजार जातो.

तिसरं कारण आपल्या भागात विशेष लागू पडतं. सातपुड्याच्या पायथ्याला किंवा घाटातल्या वळणांवर जिथे मोबाइलची रेंज अशक्त असते, तिथे फोन जास्त ताकदीने प्रक्षेपण करतो. ॲम्प्लिफायर त्याच फोनला चिकटून खिशात असतो. बायपोलर इनपुटच्या आयसी हे रेडिओ सिग्नल पकडून त्यांची टिर्र-टिर्र ऐकवतात, एफईटीवाल्या त्या मानाने कमी. इथे आयसी बदलल्याने पडणारा फरक अस्सल आहे. पण इनपुटला २२० ओहमचा रेझिस्टर आणि २२० पिकोफॅरडचा कंडेन्सर लावला तर कुठलीही आयसी शहाण्यासारखी वागते.

नकली मालाचं पीकही याच बाजारात जोमात आहे. ओपीए ६२७ सारख्या महागड्या आयसींची छपाई स्वस्त आयसींवर करून त्या जगभर विकल्या गेल्या आहेत. हजार रुपये देऊन आणलेल्या आयसीने आवाज ‘उजळला’ असं सांगणाऱ्यांतल्या कित्येकांनी तिच्या पोटात काय आहे हे तपासलेलंच नसतं. इनपुटचा करंट आणि सप्लायचा करंट मोजून डेटाशीटशी ताडून पाहिला तर बरीचशी सोंगं तिथेच उघडी पडतात.

आता कंडेन्सर. ज्या ॲम्प्लिफायरमध्ये बॅटरी दुभागलेली नसते, तिथे आउटपुटला डीसी अडवायला मोठा इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर लागतो, आणि इथे वेगळ्या किमतीचा भाग लावल्याने आवाज सरळसरळ बदलतो. ३२ ओहमच्या हेडफोनला २२० मायक्रोफॅरड लावले तर कटऑफ २३ हर्ट्‌झला, चांगलं. जागा वाचवायला ४७ लावले तर ती १०६ हर्ट्‌झवर येते आणि डग्ग्याची घुमक अर्धी मरते. तबल्याची कुठलीही चांगली ध्वनिमुद्रिका लावून हे दोन कंडेन्सर आलटून पालटून ऐका, फरक कळायला कानाला तालीम लागत नाही. त्याच ४७ वर ३०० ओहमचा हेडफोन लावला तर सगळा खर्ज परत येतो, कटऑफ ११ हर्ट्‌झवर जाते. किंमत म्हणजे इथे मायक्रोफॅरडची. रुपयांचा संबंध नाही.

कंपनीचा संबंध किती? सिरिल बेटमन या ब्रिटिश अभियंत्याने २००२ पासून ‘इलेक्ट्रॉनिक्स वर्ल्ड’ मासिकात कंडेन्सरांच्या डिस्टॉर्शनची मोजमापं लेखमालेतून मांडली. त्यांतून सर्वांत ठळकपणे दिसतं ते जातीचं महत्त्व. स्वस्त उच्च-के सिरॅमिकची किंमत व्होल्टेजबरोबर हलते, म्हणून ते सिग्नलच्या वाटेत नकोत. फिल्मचे आणि सीओजी सिरॅमिकचे कंडेन्सर जवळपास निर्दोष. इलेक्ट्रोलायटिक, त्याच्यावर सिग्नलचं व्होल्टेज उभं राहू दिलं नाही, म्हणजेच किंमत भरपूर ठेवली, तर तोही निमूट राहतो. सोनेरी वेष्टनाचा, ‘ऑडिओ ग्रेड’ छापलेला कंडेन्सर घेण्यापेक्षा त्याच पैशांत दुप्पट मायक्रोफॅरडचा घेणं केव्हाही शहाणपणाचं.

आपल्याकडे इलेक्ट्रोलायटिक निवडताना एक आकडा मात्र जरूर पाहावा: ८५ की १०५ अंश. घाटावर, बुलडाणा-चिखलीकडे, उन्हाळा त्या मानाने सुसह्य. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगावात मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो आणि पत्र्याच्या डबीत, उन्हात उभ्या गाडीत तो आणखी चढतो. तापमान १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलायटिकचं आयुष्य अंदाजे निम्मं होतं. तीन-चार उन्हाळ्यांत फुगलेला, सुकलेला कंडेन्सर बदलल्यावर ‘नव्या कंपनीचा कंडेन्सर टाकला आणि खर्ज आला’ असं वाटतं. खर्ज आला तो जुना मेला होता म्हणून. १०५ अंशांचा घ्या, दोन रुपये जास्त पडले तरी. बॅटरी लिथियमची असेल तर ती ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, तेव्हा मे महिन्यात चार्जिंग पहाटे.

आउटपुटच्या रेझिस्टरकडे कुणी लक्ष देत नाही, आणि माझ्या मते आवाज घडवणारा सगळ्यांत मोठा भाग तोच. १९९६ च्या आयईसी ६१९३८ मानकात हेडफोनसाठी १२० ओहमच्या सोर्सची शिफारस होती, म्हणून कित्येक जुन्या सर्किटांत आउटपुटला मोठा रेझिस्टर दिसतो. हेडफोनचा इम्पीडन्स मात्र सगळ्या स्वरांना सारखा नसतो. सेनहायझरचा एचडी ६५० नावाला ३०० ओहमचा, पण शंभर हर्ट्‌झच्या अलीकडे तो पाचशेच्या आसपास चढतो. १२० ओहममधून चालवला तर तिथला खर्ज सुमारे १ डेसिबेलने वर येतो. आवाज ‘ऊबदार’ होतो तो असा, रेझिस्टर आणि कॉइलच्या भागाकाराने. बॅलन्स्ड आर्मेचरच्या इयरफोनमध्ये इम्पीडन्स उंच स्वरांना वाकडातिकडा पळतो, तिथे तोच रेझिस्टर चकाकी वाढवतो किंवा घटवतो. ज्याला आपल्या हेडफोनचा रंग बदलायचा आहे त्याने १ ओहम, ४७ ओहम, १०० ओहम असे तीन रेझिस्टर लावून ऐकावं. हे खरं ट्यूनिंग आहे आणि खर्च चहाच्या कपाएवढाही नाही.

गेनची गोष्ट तशीच साधी. ११ पट हा गेन आजच्या फोनच्या आउटपुटला आणि संवेदनशील इयरफोनला अवाच्या सवा आहे. व्हॉल्यूम पॉट जेमतेम सरकवला की कान बधिर होतात. आणि स्वस्त जोड-पॉटचे दोन भाग नेमके त्या सुरुवातीच्या टप्प्यात जुळत नाहीत, एका कानाला दोन-तीन डेसिबेल जास्त मिळतात आणि गायक मधून सरकून कुशीला जातो. १ किलोओहमच्या जागी ४.७ टाका, गेन ३ पटींवर येतो, पॉट मधल्या टप्प्यात फिरतो, दोन्ही बाजू जुळतात आणि खरखरही खाली जाते. पॉट चांगल्या प्रतीचा घेतला तर उत्तमच. या सगळ्या सर्किटात थोडा जास्त पैसा टाकण्याजोगा भाग मला तोच वाटतो.

बॅटरीच्या दुभागणीबद्दल थोडक्यात. ४.७ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी बनवलेला मधला बिंदू कमी ओहमच्या हेडफोनखाली डोलतो. टीएलई २४२६ किंवा बफर आयसी लावून तो खिळवता येतो, आणि इयरफोनवर त्याचा फायदा मोजून दिसतो. साध्या झिंक-कार्बन बॅटरीचा अंतर्गत रेझिस्टन्स जास्त, ती उतरायला लागली की जोराचे ठोके कापले जातात. अल्कलाइन किंवा चार्जेबल वापरा.

खामगावची चांदी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, म्हणून चांदीच्या वायरीबद्दल लिहिणं भाग आहे. हेडफोनच्या बाजारात चांदीच्या केबलला ‘उजळ’ आवाजाची ख्याती आहे. चांदी तांब्यापेक्षा वीज चांगली वाहते हे खरं, पाच-सहा टक्क्यांनी. एक मीटर लांब, ०.२ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची वायर जाऊन-येऊन ०.१७ ओहम, चांदीची ०.१६. ३२ ओहमच्या हेडफोनवर आवाजात पडणारा फरक डेसिबेलच्या हजारांश भागात मोजावा लागतो. खामगावच्या चांदीचा मान दागिन्यांत आणि देवघरात आहे, तो तिथेच राहू द्यावा.

हे सगळं मान्य केलं तरी ‘मला ऐकू येतं’ म्हणणारा माणूस उरतोच, आणि त्याला खोटं पाडण्यात मला रस नाही. त्याला तपासण्याची रीत देण्यात आहे. १९७८ मध्ये जेम्स मॉयर यांनी क्वाडचे तीन ॲम्प्लिफायर, एक व्हॉल्व्हचा आणि दोन ट्रान्झिस्टरचे, जाणकारांना न सांगता ऐकवले. कुणालाही ते खात्रीने ओळखता आले नाहीत. १९८२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एबीएक्स तुलनेची पद्धत मांडली: अ आणि ब माहीत, क्ष हा त्यांतलाच एक, ओळखा. बॉब कार्व्हर यांचं १९८५ चं आव्हान तर आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचं. ‘स्टीरिओफाइल’ मासिकाने निवडलेल्या महागड्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरसारखा आवाज त्यांनी स्वतःच्या स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमधून काढून दाखवला, तोही भाग जुळवत, दोघांच्या आउटपुटमधला फरक ७० डेसिबेल खाली नेऊन. समीक्षकांना मग दोन्ही वेगळे सांगता आले नाहीत. भाग बदलून आवाज घडवता येतो याचा एवढा पक्का पुरावा दुसरा नाही, आणि तो घडवताना कार्व्हर यांच्या हातात मोजण्याचं यंत्र होतं.

२०११ मध्ये टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभियंत्याने ‘ओ२’ नावाचा हेडफोन ॲम्प्लिफायर सगळ्यांसाठी खुला केला. त्याने एनजेएम २०६८ आणि एनजेएम ४५५६ या अगदी स्वस्त आयसी निवडल्या, आउटपुट इम्पीडन्स अर्ध्या ओहमच्या जवळ ठेवला आणि प्रत्येक निवडीचं मोजमाप लोकांपुढे ठेवलं. पुढच्या वर्षी तो लिहायचा थांबला. त्याचं सर्किट आजही बनवलं जातं.

घरी करायची चाचणी अशी. दोन सारखे ॲम्प्लिफायर बनवा, एकात एक आयसी, दुसऱ्यात दुसरी. आयसी उपटून बसवेपर्यंत कानाची आठवण पुसट होते, म्हणून मध्ये स्विच हवा. फोनमधून २०० हर्ट्‌झचा स्वर वाजवून, हेडफोन जोडलेला ठेवूनच, दोन्हींचं आउटपुट मल्टिमीटरने जुळवा. एकावर १०० मिलिव्होल्ट असतील तर दुसऱ्यावर ९९ ते १०१ च्या आत. हे टाळू नका, कारण अर्ध्या डेसिबेलने मोठा आवाज कानाला ‘चांगला’ वाटतो, मोठा वाटत नाही. मग तानपुऱ्याची जवारी स्पष्ट असलेली एखादी ख्यालाची ध्वनिमुद्रिका लावा आणि स्विच दुसऱ्याच्या हाती द्या. सोळापैकी बारा वेळा बरोबर ओळखलं तर तो योगायोग असण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी. मग आयसी खुशाल बदला.

खिशातले नवे डोंगल आता कनवटीच्या नाण्याएवढे झाले आहेत, त्यांच्या आयसीला पायही नसतात आणि सॉकेटही. त्यांत बदलण्यासारखं काही उरलेलं नाही. सीमॉय आणि ओ२ मात्र अजून झीरो बोर्डवर, साध्या सोल्डरिंग गनने बनवता येतात. म्हणूनच शेगाव, खामगाव, चिखली, बुलडाणा इथल्या इलेक्ट्रॉनिक्स विभागांना विनंती आहे: एका सत्राच्या प्रकल्पात दोन सीमॉय, एक स्विच आणि वीस श्रोते घेऊन ही चाचणी करा, आयसी, कंडेन्सर आणि आउटपुट रेझिस्टर तिन्हींची, आणि निकाल काहीही लागो, आकड्यांसकट मराठीत छापा.